धर्मग्रामाच्या वहीतली नावे

मायामी शहराच्या उत्तर भागात बासष्टाव्या रस्त्यावर हैतीचा मुक्तिसेनानी तूसँ लुव्हेर्त्यूर याचा पुतळा आहे. त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की नोत्र दाम द'हैती या कॅथलिक चर्चचे आवार लागते. वस्तीचे नाव लिटल हैती. रविवारची मिस्सा इथे क्रेयोल भाषेत होते, गाण्यांना ढोलाची साथ असते, आणि मिस्सा संपली तरी लोक पांगत नाहीत. कुणाला नोकरीची चौकशी करायची असते, कुणाला सरकारी पत्र वाचून घ्यायचे असते, कुणाला गावाकडची खबर हवी असते. येणारी माणसे हॉटेलांत खोल्या आवरणारी, वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांची सेवा करणारी, टॅक्सी चालवणारी. महिन्याच्या कमाईतला ठरलेला वाटा समुद्रापलीकडे पाठवायचा, हा त्यांतल्या बहुतेकांचा नेम.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीची राजधानी पोर्तो प्रिन्स भूकंपाने कोसळली, तेव्हा जगभरच्या चर्चमधून मदत निघाली. दानपेट्या फिरल्या, धनादेश लिहिले गेले. ती मदत मोलाची होती. पण देणारा सुरक्षित आणि घेणारा संकटात, अशी विभागणी बासष्टाव्या रस्त्यावर करताच येत नव्हती. इथला देणाराच घरचे माणूस गमावून बसला होता. अशा धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चभोवती जमलेल्या समुदायाने, त्या दिवसांत काय केले, आणि ते त्याला कशामुळे जमले, हे समजून घ्यायचे तर आधी तीस-चाळीस वर्षे मागे जावे लागते.

या भागाचे जुने नाव लेमन सिटी. हैतीहून माणसे भरून आलेली एक होडी डिसेंबर १९७२ मध्ये फ्लोरिडाच्या पॉम्पानो बीचला लागली, आणि मग अशा होड्या येतच राहिल्या. हैतीत तेव्हा द्यूव्हालिए घराण्याची हुकूमशाही होती. बाप गेला, मुलगा आला, छळ तोच राहिला. तरीही अमेरिकन सरकारने या लोकांना राजकीय आश्रयाला पात्र मानले नाही. हे पोटासाठी आलेले लोक आहेत, असे सांगून त्यांना परत धाडण्याचे धोरण होते. त्याच किनाऱ्यावर क्यूबाहून आलेल्यांसाठी मात्र १९६६ पासून खास कायदा होता. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सव्वा लाख क्यूबन आले. त्याच सुमारास हैतीचेही हजारो लोक आले, आणि दोघांना मिळालेल्या वागणुकीतला फरक साऱ्या शहराने पाहिला. ऑक्टोबर १९८१ मध्ये हिल्सबरो बीचवर हैतीच्या ३३ माणसांचे मृतदेह वाहून आले. किनारा अगदी डोळ्यांसमोर असताना त्यांची होडी फुटली होती.

त्या काळात हैतीच्या लोकांसाठी मायामीत सर्वांत मोठा आवाज उठवला तो जेरार जाँ-ज्यूस्त या धर्मगुरूने. अमेरिकेत दीक्षा घेतलेले ते पहिले हैतीयन धर्मगुरू. त्यांच्या निर्वासित केंद्राने सरकारला न्यायालयात खेचले, आणि १९८० मध्ये न्यायाधीश जेम्स लॉरेन्स किंग यांनी निकाल दिला की चार हजारांहून अधिक हैतीयनांचे आश्रयाचे अर्ज भेदभावाने निकालात काढले गेले आहेत. जाँ-ज्यूस्त यांचे मायामीच्या आर्चबिशपांशी कधी पटले नाही. ते रस्त्यावरचे धर्मगुरू राहिले. भूकंपाच्या आदल्या वर्षी, मे २००९ मध्ये, ते मायामीतच वारले.

चर्चच्या चौकटीत राहून काम उभे केले ते दुसऱ्या एका धर्मगुरूने. टॉमस वेन्स्की पोलिश वंशाचे, जन्म फ्लोरिडातलाच, १९७६ मध्ये दीक्षा झालेली. ते क्रेयोल शिकले आणि याच वस्तीत राहिले. १९८१ मध्ये नोत्र दाम अकॅडमी ही मुलींची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि तिची इमारत रिकामी पडली. ती हैतीयन मिशनला मिळाली. मुली जिथे डबा खात त्या उपाहारगृहात वेदी मांडली गेली आणि तेच चर्च झाले. पुढची कित्येक वर्षे हजारो लोक तिथेच मिस्सा ऐकत होते, जागा न मिळालेले बाहेर उभे राहत होते. वर्गखोल्यांत प्रौढांसाठी इंग्रजीचे वर्ग, पाळणाघर, नोकरीसाठी मार्गदर्शन, कायद्याचा सल्ला सुरू झाला. या सगळ्या कामाला नाव दिले प्येर तूसँ केंद्र.

हा प्येर तूसँ कोण, हे सांगायला हवे. पुतळ्यातला सेनानी तूसँ वेगळा, हा वेगळा. हा अठराव्या शतकात हैतीत गुलाम म्हणून जन्मला आणि मालकांबरोबर न्यूयॉर्कला गेला. तिथे तो केशभूषाकार झाला, धनिक स्त्रियांचे केस रचून त्याने पैसा मिळवला आणि मालक वारल्यावर त्याच्या विधवेला त्याच पैशातून पोसले. १८०७ मध्ये तो मुक्त झाला. पिवळ्या तापाच्या साथीत लोक शहर सोडून पळत असताना तो रोग्यांची शुश्रूषा करत राहिला. अनाथ मुलांना आणि हैतीहून आलेल्या निर्वासितांना त्याने घरात घेतले. १८५३ मध्ये तो वारला. आज त्याचे अवशेष न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या तळघरात आहेत, आणि १९९६ मध्ये चर्चने त्याला आदरणीय ही पदवी दिली. ज्याला स्वतःला कायद्याने माणूस मानले नव्हते, त्याने दुसऱ्यांचा सांभाळ केला. लिटल हैतीतल्या केंद्राला याहून योग्य नाव मला सुचत नाही.

धर्मग्राम म्हणजे रविवारची प्रार्थना आणि सणवार, एवढेच बाहेरून दिसते. आत एक मोठी आणि बरीचशी कंटाळवाणी यंत्रणा चालू असते. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, गायनमंडळाची हजेरी, आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्यांचे गट, इंग्रजीच्या वर्गाची पटसंख्या. शिवाय हैतीयनांमध्ये गावोगावची मंडळे असतात. जाकमेलवाल्यांचे एक, ले कायवाल्यांचे एक, पोर द पेवाल्यांचे एक. वर्गणी काढून गावच्या शाळेला छप्पर घालायचे, विहीर खणायची, कुणी वारले तर खर्च उचलायचा. मुंबईत धोबीतलाव-माझगावच्या गोंयकारांच्या कुडी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. एका गावची माणसे, भिंतीशी वेदी, संध्याकाळी रोजरी, आणि गावाकडच्या चर्चच्या फेस्तासाठी जमवलेले पैसे. या यंत्रणेचे कौतुक कुणी करत नाही. पण संकट आले तेव्हा कामाला आली ती हीच.

हैतीयनांचे वर्ष सूप जूमूने सुरू होते. गुलामगिरीत भोपळ्याचे हे सूप मालकांच्या ताटात जाई, शिजवणाऱ्याला ते चाखायची बंदी होती, अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हापासून त्या दिवशी घरोघरी ते शिजते. २०१० मध्येही शिजले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत भूकंप आला.

मंगळवार होता, वेळ दुपारी ४ वाजून ५३ मिनिटे. तीव्रता ७.० आणि केंद्र राजधानीच्या पश्चिमेला जेमतेम २५ किलोमीटरवर, लेओगानजवळ. हैतीच्या दक्षिण भागातून जाणाऱ्या भूस्तरभंगाने १७५१ आणि १७७० मध्ये हे शहर पाडले होते. पण त्याला दोन शतकांहून जास्त काळ लोटला होता आणि कुणाच्या आठवणीत भूकंप उरला नव्हता. आठवणीत होती चक्रीवादळे. वादळात पत्रा उडतो म्हणून ज्याला परवडेल तो डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब घाली. सिमेंट कमी, सळई बारीक, भिंती पोकळ ठोकळ्यांच्या. वाऱ्यापासून वाचवणारे तेच छत त्या दुपारी लोकांवर कोसळले. मृतांचा सरकारी आकडा पुढे तीन लाखांच्या वर गेला. इतर अंदाज त्याहून बरेच कमी आहेत, आणि हा वाद आजही मिटलेला नाही. पंधरा लाखांच्या आसपास माणसे बेघर झाली, यावर मात्र फारसे दुमत नाही.

मायामीत फोन लागेनात. पोर्तो प्रिन्सला विमानाने तेव्हा दोन तासही लागत नसत, आणि त्या रात्री तिथली एक ओळ कळत नव्हती. राजधानीतले सिग्नल एफएम हे रेडिओ केंद्र कसेबसे चालू राहिले. त्यावर आणि मायामीतल्या क्रेयोल रेडिओवर लोक नावे सांगत राहिले. अमुक गल्लीतली अमुक बाई कुणाला दिसली का, अमुक शाळेतली मुले बाहेर आली का. दुसऱ्या दिवसापासून नोत्र दाम द'हैतीच्या आवारात माणसे जमू लागली. तेव्हा तिथे धर्मगुरू होते फादर रेजिनाल्ड जाँ-मारी, हैतीतच जन्मलेले. आवारातले सगळेच एकमेकांना तोच प्रश्न विचारत होते. घरचे कुणी सापडले का?

त्यातच हैतीमधले चर्चच मुळापासून हादरले होते. राजधानीचे कॅथेड्रल कोसळले. आर्चबिशप जोसेफ सेर्ज मियो ठार झाले. त्यांचे प्रमुख सहकारी ढिगाऱ्याखाली गेले. धर्मगुरू घडवणारी सेमिनरी पडली, आणि सेंट फ्रांस्वा द साल हे चर्चचे जुने रुग्णालयही पडले. एरवी संकटात इथल्या चर्चने तिथल्या चर्चकडे मदत पाठवायची, ही सरळ वाट असते. या वेळी वाटेचे दुसरे टोक उरले आहे की नाही, हेच कळत नव्हते.

म्हणून पहिले काम ठरले शोकाचे. बाहेरच्या वार्ताहरांना ते मदतकार्यात धरावेसे वाटले नसेल. माझ्या मते ते सर्वांत अवघड काम होते. हैतीच्या कॅथलिक घरात माणूस वारले की नऊ रात्री प्रार्थना होते. शेजारी येतात, कॉफी होते, गाणी होतात, आणि शेवटच्या रात्रीच्या प्रार्थनेने, देन्ये लाप्रियेने, मृताला निरोप देतात. इथे निरोप द्यायला देह नव्हता. राजधानीतले हजारो मृतदेह शहराच्या उत्तरेला तितान्येंच्या उजाड जागेत सामुदायिक खड्ड्यांत पुरले गेले, नावाची नोंद न होता. मिस्सेसाठी मात्र देह लागत नाही. ती मृताच्या नावाने अर्पण करता येते, नाव पुरते. समुद्रापलीकडे ज्यांचे नाव कुठल्याच कागदावर चढले नाही, त्यांचे नाव निदान इथे वेदीपुढे घेता येत होते. ज्याला आपले माणूस जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नव्हते, त्याने कोणती प्रार्थना करायची? अशांनाही धर्मगुरूंना सांभाळावे लागले, आणि त्याला कुठलेच पुस्तक नव्हते.

सामान पाठवण्याची घाई सगळ्यांनाच झाली होती. कपड्यांचे गठ्ठे, पाण्याच्या बाटल्या, डबाबंद अन्न. पण पोर्तो प्रिन्सच्या बंदरातले धक्के मोडले होते, आणि विमानतळाला एकच धावपट्टी. तिचा ताबा अमेरिकन सैन्याकडे गेला आणि काही वैद्यकीय विमानेही शेजारच्या सांतो दोमिंगोला वळवली गेली. अशा वेळी गावोगावच्या मंडळांना एक गोष्ट अनुभवाने माहीत होती, ती म्हणजे पैसा सामानापेक्षा लवकर पोहोचतो. मायामीतल्या हैतीयनांनी पैसे पाठवायच्या दुकानांपुढे रांगा लावल्या. परदेशातले हैतीयन तेव्हाही वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घरी पाठवत होते. ही रक्कम कुठल्याही मदतनिधीच्या फलकावर झळकत नाही. ती पाठवणारी बाई दोन पाळ्या करते, आणि पलीकडे त्या पैशावर एका घराऐवजी तीन घरे जगतात, कारण भूकंपानंतर उरलेली माणसे एकाच अंगणात आलेली असतात.

जड सामानाची वाट जुनीच होती. मायामी नदीतून हैतीकडे छोटी मालवाहू जहाजे जातात. डेकवर वापरलेल्या गाद्यांची थप्पी, सायकलींचे डोंगर, खाली तांदूळ, शेंगा, तेल. ती राजधानीपेक्षा प्रांतातल्या बंदरांकडे जातात, काप आयसियँ, सें मार्क, मिरागोआन. भूकंपानंतर राजधानीतले लाखो लोक याच प्रांतांत आपापल्या गावी परतले होते. राजधानीच्या विमानतळावर जगाची नजर खिळलेली असताना पोसायची तोंडे प्रांतात वाढत होती. ज्यांचे आईबाप त्या गावांत होते, त्यांना हे आधी कळले.

आणि मग कागदपत्रे. या धर्मग्रामाने २०१० मध्ये केलेले सर्वांत टिकाऊ काम, मला वाटते, हेच.

भूकंप झाला तेव्हा अमेरिकेत हजारो हैतीयन परवान्याविना राहत होते. एखाद्या देशावर आपत्ती आली की तिथल्या नागरिकांना काही काळ परत न पाठवता काम करू द्यायचे, अशी तरतूद अमेरिकन कायद्यात आहे. तिचे नाव टीपीएस, म्हणजे तात्पुरते संरक्षण. २००८ मध्ये एकाच मोसमात चार वादळे हैतीवर आदळली आणि गोनाईव्ह शहर चिखलात बुडाले, तेव्हा या वस्तीने ही मागणी जोरात केली होती. ती फेटाळली गेली. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी, १५ जानेवारी २०१० ला, अमेरिकेच्या गृहसुरक्षा मंत्री जॅनेट नापोलितानो यांनी ती मान्य केली. १२ जानेवारीला जे अमेरिकेत होते त्यांना अठरा महिन्यांसाठी हे संरक्षण लागू झाले.

घोषणा एका वाक्यात झाली. अर्ज भरणे तसे सोपे नव्हते. कामाचा परवाना आणि बोटांचे ठसे धरून एकूण शुल्क ४७० डॉलर. ज्यांनी आठवड्याची कमाई नुकतीच ढिगाऱ्यातल्या नातेवाइकांकडे पाठवली होती, त्यांनी ते कुठून आणायचे? शुल्कमाफीचा वेगळा अर्ज होता, तोही इंग्रजीत. वर्षानुवर्षे सरकारी माणूस दिसला की रस्ता बदलणाऱ्यांना आता स्वतःहून नाव, पत्ता आणि बोटांचे ठसे द्यायचे होते. अठरा महिन्यांनी याच पत्त्यावर पकडायला येतील, ही भीती खोटी म्हणता येत नव्हती. अर्ज भरून देतो म्हणून शेकडो डॉलर उकळणारे भामटेही लगेच उगवले.

अशा वेळी नोत्र दाम द'हैतीच्या आवारात धर्मप्रांताच्या कायदा सेवेचे वकील आणि स्वयंसेवक बसले, आणि लोक रांगेत उभे राहिले. विश्वास ठेवायचा तर इथल्या माणसांवर, एवढे त्यांना ठाऊक होते. अर्जाला पुरावे लागत. हैतीचे नागरिक असल्याचा पुरावा, आणि १२ जानेवारीपासून इथे राहत असल्याचा पुरावा. पहिल्यासाठी जन्मदाखला हवा, आणि तो देणारी कचेरी ढिगाऱ्यात. दुसऱ्यासाठी भाडेपावती किंवा वीजबिल, आणि अशा माणसाच्या नावावर बिल कुठून असणार? नियमांत मात्र दुय्यम पुराव्यांची यादी होती. राष्ट्रीयत्व नोंदलेला बाप्तिस्म्याचा दाखला चालत होता. हा माणूस अमुक काळापासून इथे राहतो, असे चर्चच्या अधिकाऱ्याचे लेखी निवेदन चालत होते.

वर्षानुवर्षे कुणीतरी कारकुनी नेमाने भरलेल्या त्या वह्या अशा कामाला आल्या. मुलाचा बाप्तिस्मा कधी झाला, गायनमंडळात कोण कधीपासून आहे, इंग्रजीच्या वर्गाला कोण बसते. जे सरकारच्या लेखी अस्तित्वातच नव्हते, त्यांना धर्मग्राम नावाने ओळखत होते. देशभरात सुमारे ५० हजार हैतीयनांना पुढे हे संरक्षण मिळाले. परवाना मिळालेला माणूस किमान वेतन मागू शकतो, वाहनपरवाना काढू शकतो, आणि घरी पाठवायची रक्कम वाढवू शकतो. एका अर्जातून पलीकडच्या किती घरांत चूल पेटली असेल, याचा हिशेब कुठल्याच मदतसंस्थेने मांडला नसणार.

सगळ्याच कल्पना तडीस गेल्या नाहीत, आणि एक गेली नाही ते बरेच झाले असे मला वाटते. १९६० ते १९६२ या काळात मायामीच्या चर्चने क्यूबातली १४ हजारांहून अधिक मुले आईबापांविना आणली आणि त्यांतल्या अनेकांचा सांभाळ केला होता. त्या मोहिमेचे नाव पेद्रो पान. भूकंपानंतर त्याच धर्तीवर हैतीतली अनाथ मुले आणायचा प्रस्ताव मायामीच्या कॅथलिक संस्थांनी मांडला. सरकारने तो उचलला नाही. हेतू प्रेमाचाच होता. पण त्या गोंधळात कोणते मूल खरोखर अनाथ आहे हे ठरवणार कोण? जानेवारी संपता संपता अमेरिकेतल्या दुसऱ्या एका पंथाच्या दहा जणांना ३३ मुले सीमेपार नेताना हैतीत अटक झाली, आणि त्यांतल्या बऱ्याच मुलांचे आईबाप जिवंत असल्याचे निघाले. मुलाला आईपासून तोडून केलेली मदत नंतर परत घेता येत नाही. घरी पैसे पाठवून मूल घरीच ठेवायचा लिटल हैतीचा रिवाज इथे अधिक शहाणा ठरला.

त्या वर्षी जूनमध्ये वेन्स्की मायामीचे आर्चबिशप झाले. क्रेयोल बोलणारा धर्मगुरू त्या खुर्चीवर बसला, याचे या वस्तीला किती अप्रूप वाटले असेल. ऑक्टोबरमध्ये हैतीत कॉलरा आला. मग छावण्या उठवल्या गेल्या, मदतनिधीची आश्वासने विरत गेली, वार्ताहर परतले. बासष्टाव्या रस्त्यावर शाळेच्या उपाहारगृहाच्या जागी पुढच्या काही वर्षांत नवे, मोठे चर्च बांधले गेले. मायदेशीचे कॅथेड्रल उघड्या भिंतींनी उभे असताना इथे नवी इमारत कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. मला त्याचे उत्तर स्वच्छ दिसते. पुढच्या संकटाला उभे राहायचे तर इथे पाय टेकायला जागा हवी.

ते संकट १४ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी आले. तीव्रता ७.२, या वेळी दक्षिणेच्या द्वीपकल्पात, ले काय आणि जेरेमीच्या बाजूला. मृतांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. महिनाभरापूर्वीच राष्ट्राध्यक्ष मोईज यांची हत्या झाली होती. राजधानीतून दक्षिणेकडे जाणारा रस्ता मार्तिसाँमध्ये टोळ्यांच्या हातात होता. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. नोत्र दाम द'हैतीत त्या मिस्सेत पुन्हा भूकंपग्रस्तांसाठी प्रार्थना झाली, पुन्हा पैसे गोळा झाले. २०१० मध्ये डोळे राजधानीवर होते. आता गावोगावच्या मंडळांचीच पाळी होती, कारण मोडलेली खेडी त्यांची होती.

दरम्यान वस्तीही बदलते आहे. लिटल हैतीची जमीन मायामीच्या किनाऱ्यापेक्षा उंच आहे. समुद्राची पातळी वाढू लागल्यावर बिल्डरांना ती उंची दिसली आणि भाडी चढली. जुनी कुटुंबे उत्तर मायामी, मिरामारकडे सरकली, पण रविवारी गाडी काढून इथेच येतात. २०२४ च्या नोव्हेंबरात पोर्तो प्रिन्सवर उतरणाऱ्या अमेरिकन विमानाला गोळ्या लागल्या, तेव्हापासून राजधानीची थेट अमेरिकन विमानसेवा बंद झाली. घरी जायचे तर काप आयसियँकडून जावे लागते. टीपीएस रद्द करायचा प्रयत्न २०१७ मध्ये झाला होता, २०२५ मध्ये पुन्हा झाला, आणि दोन्ही वेळा प्रकरण न्यायालयात गेले. ज्यांनी २०१० मध्ये रांगेत उभे राहून पहिला अर्ज भरला त्यांची मुले आता कॉलेजात आहेत, अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकेची नागरिक. आईबापांसाठी वकिलाची वेळ मागायला आता तीच येतात, आणि क्रेयोलमधले प्रश्न इंग्रजीत करून सांगतात.